सिहोऱ्याचा भोंगा बंद होईना

सिहोऱ्याच्या परसराम आणि लीलाबाईंची थोरली मुलगी खुशबू नागपुरात एका बँकेचे सर्व्हर सांभाळायची. एकाच खात्याची माहिती चार ठिकाणी ठेवायची आणि चारही ठिकाणी आकडा सारखा राखायचा, हे तिचं काम. पण एका ऑगस्टात बावनथडी नदी फुगली, काठावरचं त्यांचं घर खिडकीपर्यंत बुडालं, आणि आईबाबांना खबर लागली ती पाणी दारात आल्यावर. पुढे भंडाऱ्याच्या पूर अंदाज केंद्रात जागा निघाली तेव्हा खुशबूने लगेच अर्ज टाकला.

"बँक सोडून नदी मोजाले चालली का?" परसरामने विचारलं. विचारताना तो हसत होता.

केंद्राची यंत्रणा नदीकाठच्या गावागावांत पसरलेली होती. प्रत्येक स्टेशनात पाण्याची पातळी मोजणारं यंत्र, एक कॉम्प्युटर आणि छतावर धोक्याचा इशारा देणारा भोंगा. स्टेशन आपला अंदाज स्वतः काढायचं आणि बाकीच्यांशी आकडे जुळवून घ्यायचं. या जुळवणीला सगळे सिंक म्हणत. सिंक किती कडक ठेवायचं, याच्या तीन लेव्हल होत्या: सगळ्या स्टेशनांचा होकार आल्यावरच पुढे जायचं, निम्म्याहून जास्तांचा आला की जायचं, किंवा कोणासाठी न थांबता आधी आपलं काम करायचं आणि जुळवणी मागाहून. खुशबू आली तेव्हा सगळं काही पहिल्या, सर्वांत कडक लेव्हलवर होतं.

ती लेव्हल धनंजय सरांनी ठेवली होती. सर अड्याळचे, केंद्राचे प्रमुख. पूर्वी दोन स्क्रीनवर दोन वेगळे आकडे दिसले होते आणि लोक केंद्राला हसले होते. ते त्यांना फार लागलं होतं.

"सर, एका स्टेशनचं नेट गेलं तर काय होईल?" खुशबूने विचारलं.

"काय होईल? ते एक बंद पडेल."

"एकदा पाहून घेऊ."

उन्हाळ्यातल्या एका सकाळी तिने सरांसमोरच एका स्टेशनची जोडणी तोडली. त्या स्टेशनचा होकार येईना, म्हणून बाकीची सगळी त्याची वाट पाहत बसली. भिंतीवरच्या स्क्रीनवरचे सगळे आकडे जागच्या जागी थिजले.

"म्हणजे आकडे सारखे राहतील," सर म्हणाले, "पण शिळे."

"हो सर. सगळंच सैल करून टाकू."

"सगळं नाही. धोका सांगाले एक स्टेशन पुरे. पण धोका टळला हे एकट्यानं कसं सांगावं? त्याले आपल्याजवळचं पाणी दिसते. वरून काय येऊन राहिलं, ते कुठं दिसते?"

खुशबूला हे सुचलंच नव्हतं. दोघं कामाला बसले. पाण्याची पातळी आणि धोक्याचा इशारा कोणासाठी थांबणार नाही. जिल्ह्याचा एकत्र अंदाज निम्म्याहून जास्तांच्या होकाराने निघेल. आणि इशारा मागे घ्यायला मात्र सगळ्यांचा होकार लागेल. पाऊस लागेपर्यंत त्यांनी एकेक स्टेशन तोडून, जोडून, पुन्हा तोडून पाहिलं.

परीक्षा झाली ती सप्टेंबरात. भर दुपारी सिहोऱ्याकडचा मोबाइल टॉवर बंद पडला आणि खुशबूच्या स्क्रीनवरचा सिहोऱ्याचा ठिपका काळा झाला. आईचा फोन लागेना. पण बाकीचे आकडे थिजले नव्हते. वैनगंगेवरची स्टेशनं चालू होती, खालच्या पवनीला वेळेत इशारा गेला, तिथली वस्ती हलू लागली. ती त्या कामाला लागली. सिहोऱ्याचं काय झालं, ते कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी टॉवर चालू झाला आणि धाकट्या भावाचा, धर्मेंद्रचा फोन आला.

"ताई, सगळे शाळेत आहोत. आई, बाबा, गुरंढोरं, सगळे. नेट गेलं होतं, तरी भोंगा वाजला."

"आणि मग?"

"मग पाणी उतरलं. बाजूचे गोमाजी काका म्हणे, चला आता घरी. पण भोंगा बंदच नाही होऊन राहिला. आई दरवाज्यात उभी राहिली. म्हणे, माह्या पोरीचा भोंगा वाजून राहिला, तोवर कोणी बाहेर नाही जाणार. अन् मग दुसरा लोंढा आला ना ताई, पहिल्याहून मोठा. गोमाजी काकांच्या घराची भिंतच गेली."

टॉवर बंद, म्हणून इशारा मागे घ्यायला लागणारा बाकीच्यांचा होकार सिहोऱ्याला पोचलाच नव्हता. खुशबूने सरांकडे पाहिलं. स्क्रीनवर सिहोऱ्याचा ठिपका हिरवा झाला होता आणि दुपारभर साठलेले आकडे भराभर आपापल्या जागी बसत होते.

"सर, तुमची लेव्हल," ती म्हणाली, "तिनेच गाव वाचवलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आपली," ते म्हणाले.

पूर ओसरल्यावर ती घरी गेली तेव्हा शाळेच्या पटांगणात अख्खं गाव जमलं होतं. वाकलेले गोमाजी काका काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी आधी "जय भीम, बेटा" म्हटलं, मग तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. लीलाबाई सगळ्यांना बुंदी वाटत होती आणि प्रत्येकाला नव्याने सांगत होती की ही माही पोरगी.