पप्पांचं बयम

पप्पा ऑपरेशनला घाबरत होते, हे चेन्नईतल्या आमच्या तांबरमच्या चर्चमध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट सगळे म्हणायचे, विश्वास असावा तर यांच्यासारखा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर लवकर ऑपरेशन करा. पप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, "ज्यानं डोळे दिले, तोच राखील." देवाचं नाव पुढे केल्यावर कोण काय बोलणार?

मी बोलायचे. आई गेल्यावर मीच त्यांना नगरहून चेन्नईला आणलं होतं. मोबाइल नुकते स्वस्त होऊ लागले होते, त्या वर्षांत. गिंडीच्या ऑफिसातून दमून यावं, तर पप्पांचा खांदा पुन्हा दाराच्या चौकटीवर आपटलेला असायचा. मी भडकायचे, "तुमचा देव काय ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चपला सांभाळत बसतो का?" ते हसायचे आणि बायबल उघडायचे. रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा जुना नेम. पान नाकाला लागायची वेळ आली, तरी तो मोडला नाही.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका रविवारी शेजारची तमिळ अक्का आमच्या घरी प्रार्थनेला आली. पप्पांचं तमिळ दूध आणि बसच्या तिकिटापुरतं. अक्कानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून भराभर बोलू लागली. मध्येच पप्पा दचकले.

"बयम म्हणाली ना ही?"

तमिळमध्ये भयाला बयमच म्हणतात. मी सांगून टाकलं, "ती देवाला सांगतेय, अय्यांना, म्हणजे तुम्हाला, फार भय वाटतंय, त्यांच्याजवळ राहा."

आता ते संतापणार, असं मला वाटलं. पप्पा ढसाढसा रडायला लागले. "बापा, मला भीती वाटते रे. डोळ्यात सुई जाणार म्हणून भीती वाटते. तू माझ्याबरोबर आत ये." त्यांच्या कितीतरी लांबलचक प्रार्थना मी ऐकल्या होत्या. इतकी साधी कधीच ऐकली नव्हती.

त्याच आठवड्यात ते ऑपरेशनला गेले. स्ट्रेचरवरून मलाच म्हणाले, "रडतेस काय? मी एकटा नाही आत." पण उशीर झाला होता. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यात उजेड आणि माणसांच्या आकृती तेवढ्या राहिल्या. ती वाया गेलेली दोन वर्षं मला अजून सलतात.

बायबलचं वाचन माझ्याकडे आलं. एका संध्याकाळी वाचताना "भिऊ नको" आलं, तसे पप्पा म्हणाले, "थांब जरा."

मी थांबले.

"हे मी आयुष्यभर लोकांना वाचून दाखवलं गं. घाबरलेल्या माणसालाच ते सांगितलंय, डोळ्यांना दिसत होतं, तेव्हा एवढं मला दिसलं नाही."