एका देशी बाईच्या नावासाठी यवतमाळला

धामणगावच्या स्टेशनावर सकाळी उतरलो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. नाशिक रोडपासून रात्रभर एका गृहस्थाची वळकटी माझ्या पायांवर पडून होती, आणि ते गृहस्थ शांत झोपले होते. इथून पुढं मोटारीनं यवतमाळ. फेब्रुवारी महिना, एकसष्ट साल. इतक्या सकाळीही ऊन चावत होतं.

मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन आहे. सुट्टी घेऊन माणसं महाबळेश्वरला जातात, आणि मी निघालो होतो नव्वद वर्षांपूर्वीच्या एका बाईचं नाव शोधायला. कारण आमच्या मातोश्री. आईचे वडील जॉन क्लेटन हे एका इंग्रजाचे चिरंजीव. हे इंग्रज महाशय, विल्यम क्लेटन, वऱ्हाडात सडका बांधणारे ओव्हरसियर होते. बायको इकडचीच केली. पोरगं वर्षाचं व्हायच्या आत दोघंही पटकीनं गेली आणि आजोबा मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. आपल्या आईचं नाव काय, हे त्यांना जन्मभर कळलं नाही. जाताना त्यांनी माझ्या आईचा हात धरून सांगितलं, "तेवढं शोध."

आईनं इंग्लंडला पत्र टाकलं. क्लेटनांच्या गावच्या पाद्रीसाहेबांनी तिथल्या खानेसुमारीच्या याद्या आणि चर्चची दफ्तरं चाळून तीन पिढ्या पाठवल्या. कोण कुठल्या घरात राहत होतं, कुणाची बायको कोण, घरात मोलकरीण किती वर्षांची, सगळं. सोबत आजोबांच्या यवतमाळच्या बाप्तिस्म्याची, तेव्हाच तिकडं पाठवलेली नक्कल होती. तीत आईच्या रकान्यात लिहिलेलं : 'एक देशी बाई'.

"त्यांच्या मोलकरणीचंसुद्धा नाव आहे रे शमू," आई म्हणाली, "आणि माझी आजी एक देशी बाई! मूळ वही यवतमाळला असेल. जा तू." अडुसष्ट वर्षांच्या बाईला नाही कसं म्हणणार?

वाटेत बाभुळगावला मोटार थांबली. हॉटेलात आलुबोंडा (आपला बटाटेवडा) आणि त्यावर तर्री (लालभडक तिखट रस्सा) मिळाली. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. हॉटेलवाला काळजीनं म्हणाला, "तिखट लागली काय जी? आज तं कमीच टाकली."

यवतमाळला उतरून थेट कचेरी गाठली. जुन्या खानेसुमारीचे कागद पाहायचेत, असं म्हणायची खोटी, कारकुनानं मला समोरच्या रांगेत उभं केलं. नवी खानेसुमारी सुरू होती आणि मी तिच्या कामावर उशिरा हजर झालेला कोणी मास्तर, अशी त्याची समजूत! अर्धा तास रांगेत गेल्यावर मी ओरडलो, "अहो, मला माणसं मोजायची नाहीत, मोजलेली बघायचीत!"

"मंग आधी काहून नाही सांगितलं?" (काहून म्हणजे का.) तो शांतपणे म्हणाला. "पण घरोघरच्या याद्या कोणी ठेवत नाई जी. बेरीज झाली का कागद रद्दीत." त्यानं एक छापील पुस्तक पुढं केलं. त्यात माणसं नव्हती, नुसत्या बेरजा होत्या. आमचे विल्यम साहेब कुठल्या तरी बेरजेत एक म्हणून विरघळले असणार, आणि ती बाई दुसऱ्या बेरजेत. एवढी थोरली कचेरी, पण नाव म्हणून एक शिल्लक नाही!

चर्चमध्ये गेलो. चौकीदार भला माणूस होता. दफ्तराचं कपाट त्यानं दाखवलं. कपाटाला कुलूप.

"किल्ली?"

"खंडारे मास्तरांपाशी."

"मास्तर कुठं?"

"खानेसुमारीवर गेलते सकाळीच. बाभुळगावले."

बाभुळगाव! जिथं मी सकाळी आलुबोंडा खाऊन रडलो होतो, तिथंच त्याच वेळी ती किल्ली कुणाच्या तरी खिशात हिंडत होती. मी चौकीदाराकडं अशा नजरेनं पाहिलं की तो बिचारा दोन पावलं मागं सरकला. परत मोटार, परत तोच धुरळा.

खंडारे मास्तर गावाच्या कडेच्या वस्तीत एका अंगणात बाजेवर बसून खानेसुमारीची चिठ्ठी भरत होते. बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोर जमिनीवर भागाबाई नावाची म्हातारी, आणि ती काही त्यांना उठू देत नव्हती. मी घाईनं माझं काम सांगायला लागलो, तर तिनं मलाच हात करून थांबवलं.

"दम धर ना भाऊ. मास्तर, धरम लिव्हला काय?"

"लिव्हला, माय. बौद्ध."

"दाखव मले."

"तुले वाचता येते काय?"

"नाई येत. तरी दाखव. माह्या डोयादेखत लिव्हलं पाह्यजे. आजवर आमचं ज्यानं त्यानं आपल्या मनानंच लिव्हलं."

मास्तरांनी चिठ्ठी तिच्यापुढं धरली. तिनं त्या शब्दाखाली बोट नेलं, सावकाश, अक्षराला न लागता. "शाई ओली हाय," ती म्हणाली, "वायू दे. पुसलं तं पुन्हा कोण लिव्हते?" आणि शाई वाळेपर्यंत आम्ही तिघंही त्या कागदाकडं बघत बसलो. माझी परतीची मोटार तेवढ्यात निघून गेली. खरं सांगतो, मनातून मी धुमसत होतो.

शेवटी मास्तर माझ्याबरोबर दुसऱ्या मोटारीनं आले, आपली हजेरी बुडवून. "एवढ्या लांबून आले तुमी, आन माहीच किल्ली अडवून राह्यली," एवढंच म्हणाले. मला माझ्या चरफडण्याची लाज वाटली.

कपाट उघडलं. उधईनं (वाळवीनं) दोन वह्यांचा भुगा केला होता. तिसरी शाबूत. मास्तर पानं उलटत गेले आणि थांबले. जॉन, वय पाच महिने. बाप विल्यम क्लेटन, ओव्हरसियर. अक्षर मराठीच, आणि कसं टपोरं! आणि आईच्या रकान्यात फराटा. नाव लिहिलेलं होतं हो! कुणीतरी ते नीट लिहिलं होतं, आणि ओलं असतानाच फासलं गेलं होतं. डावीकडं जाड डाग आणि त्यातून निघालेले चार बारीक फराटे. मी भिंग लावलं, पान उजेडाकडं धरलं. एक काना दिसला, बाकी काही नाही.

"गाढव पाद्री!" मी चर्चमध्येच म्हणालो. "टिपकागद नव्हता का मेल्याकडं?"

मास्तर खालच्या ओळीकडं बघत होते. तिथं एक लहानसं वाकडं वर्तुळ होतं. "हे पाहा. बांगडीची निशाणी. लिव्हता येत नसलं का कुणबी नांगर काढे, बाईमाणूस बांगडी. हे तिनं सोताच्या हातानं काढलं जी."

मी ट्रेसिंगचा कागद काढला. धंद्याची सवय, अर्धवट काही उतरवता येत नाही. बांगडी, डाग, चारही फराटे, होते तसे उतरवले. मास्तरांनी तोवर चहा मागवला. त्या चहात साखरेचा डोंगर होता, पण दिवसभरात पहिल्यांदाच मी काही मुकाट्यानं गिळलं.

परतीच्या गाडीत रात्रभर त्या पाद्र्याला शिव्या घालत आलो. घरी पोचल्यावर कागद आईपुढं टाकला आणि आधीच सांगून मोकळा झालो, "नाव मिळालं नाही. तिची निशाणी आहे फक्त. नाव त्या मूर्खानं फासून टाकलं."

आईनं चष्मा पुसला. कागद खिडकीशी नेला. बांगडीवर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग तिचं बोट वर सरकलं, डागावर आलं, एकेका फराट्यावरून फिरलं.

"शमू, हे तू मापात काढलंयस? असंच आहे, एवढंच?"

"मापातच काढलंय. का?"

आईनं नर्स म्हणून पस्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली आहेत. ती म्हणाली, "अरे, ही बोटं आहेत. चार. एवढीएवढीशी. मूल कडेवर घेऊन बाई कागदावर वाकली, की मूल आधी शाईत हात घालतं. किती कागद खराब झालेत माझे!" तिनं चष्मा काढून ठेवला. "हे बाबा आहेत माझे. त्यांनीच पुसलं रे आईचं नाव, आणि जन्मभर तेच शोधत बसले."

ती हसत होती की रडत होती, मला कळेना. तिनं आपला तळवा कागदावर ठेवला आणि काढलाच नाही.

दोन दिवसांत मी हॉटेलवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांवर चिडून झालो होतो. आता पाच महिन्यांच्या आजोबांवर कसं चिडायचं?