तीन इंचांना एक सूत कमी

माझी मोठी काकू शाळेचे गणवेश शिवायची. एकाच शाळेचे, तेहतीस वर्षं. आमच्या घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली तिची. खिडकीखाली मशीन, भिंतीला लागून लांब टेबल, आणि टेबलावर तिची लोखंडी कात्री. ज्या म्हाताऱ्या शिंप्याकडे ती काम शिकली त्यानं ती कात्री तिला जाताना दिली होती. आम्हाला ती दोन हातांनी उचलावी लागायची. काकू एका हातानं कापायची आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायची.

शाळेतली पोरं तिला कात्रीकाकू म्हणत. माप देताना कुणी पोट आत ओढलं की ती टेप तशीच धरून थांबायची. "सोड श्वास. वर्षभर असाच ओढून धरणार आहेस का?" पोरगं हसायचं, पोट बाहेर यायचं आणि मग खरं माप लिहिलं जायचं.

वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आई जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. निवृत्त झाली तरी तिच्या खणात पेन्सिली अजून टोक करून एका रांगेत झोपलेल्या असतात. काकू सगळं अंदाजानं करणारी, आई सगळं मोजून. भाजीत मीठ किती यावरूनही दोघींचा वाद व्हायचा, आणि चाळीस वर्षांत एकदाही निकाल लागला नाही. काका आणि बाबा सख्खे भाऊ, दोघंही अबोल. घरातला बोलण्याचा कोटा जावाजावांनी आधीच संपवलेला असायचा.

शाळेला पन्नास वर्षं होणार होती तेव्हा मुख्याध्यापिका काकूकडे आल्या. काहीतरी आठवणीचं हवं होतं. काकूनं कपाटावरून एक गाठोडं काढून त्यांच्यापुढे सोडलं. आत चिंध्या होत्या, पण कशा! दर वर्षीच्या गणवेशाचं उरलेलं कापड तिनं जपून ठेवलं होतं, आणि तिच्या आधीच्या सतरा वर्षांचं त्या म्हाताऱ्या शिंप्यानं. पहिल्या वर्षीचं तपकिरी, मग राखाडी, मग पिवळ्या चौकड्या, मग निळं आणि पांढरं.

"प्रत्येक नव्या बाई आल्या की आधी गणवेश बदलायच्या," काकू म्हणाली.

"मी नाही बदलला," मुख्याध्यापिका घाईनं म्हणाल्या.

"म्हणून तर निळं सगळ्यात जास्त उरलंय."

गोधडी करायचं ठरलं. एका चौकोनात दोन त्रिकोण, एक गडद, एक फिकट. सहाशे चौकोन, म्हणजे बाराशे त्रिकोण. त्रिकोणाची सरळ बाजू तीन इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. मधल्या तिरप्या शिवणीत आणि चारी बाजूंना दोन-दोन सूत माया गेली की चौकोन बरोबर दोन इंचांचा उरतो. काकूनं पत्र्याचा एक साचा करून घेतला, तो कापडावर ठेवून खडूनं आखायची आणि कात्रीनं कापायची. तीनशे चाळीस त्रिकोण कापून झाले होते. मग एका सकाळी गाठोडं काढायला ती स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं, आणि उजवं मनगट मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. तेवढा काळ काकू खुशीत होती म्हटलं तरी चालेल. डाव्या हातानं जेवायची आणि प्लास्टर निघाल्यावर काय काय करायचं ते सगळ्यांना सांगायची. प्लास्टर निघालं. घरी येऊन तिनं चप्पल काढण्याआधी कात्री उचलली. अंगठ्यानं साथ दिली नाही. कात्री टेबलावर आपटली, तिथून जमिनीवर. तिनं पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती वाकली नाही. काकांनीच कात्री उचलून खणात ठेवली.

डॉक्टर म्हणाले होते, ताकद हळूहळू येईल, पण पूर्वीइतकी येईल असं सांगता येत नाही. काकूनं मशीनवर कापड टाकलं आणि खिडकीशी बसून राहिली. चौथ्या दिवशी काका वर आले. दारातच उभे राहून आईला म्हणाले, "ती बोलत नाहीये." काकांच्या तोंडून एवढं लांब वाक्य आम्ही कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

आईनं खणातून आलेखाचा कागद काढला, दोन पेन्सिली घेतल्या आणि खाली गेली. मी मागोमाग.

"ताई, जगात तुमची कात्री हे एकच हत्यार नाही."

"माझ्या जगात आहे."

"बाराशेतले तीनशे चाळीस झालेत. उरले आठशे साठ. कशानं कापायचे ते आपण तपासून ठरवू."

"अगं नकाशेवाली, हे कापड आहे. शेत नाही, साखळी टाकून मोजायला."

"मग तुम्ही अंदाजानं सांगा, मी मोजून सांगते. बघू कुणाचं खरं ठरतं."

काकूला आव्हान दिलं की ती उठते, हे आईला चाळीस वर्षांत कळलं होतं.

पुढच्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हत्यारं मांडली. जुनी चादर फाडून सरावाचं कापड केलं. प्रत्येक हत्यारानं वीस त्रिकोण कापायचे. आईनं कागदावर तीन रकाने पाडले: वेळ, चूक, हात किती दुखला. काकूनं तो कागद वाचला आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात, चौथा रकाना जोडला: कापड किती वाया गेलं.

"हा कशाला?" आईनं विचारलं.

"हे कापड आता कुठल्या दुकानात मिळणार आहे?"

आईनं मान हलवली आणि त्या रकान्याची रेघ पट्टीनं सरळ केली.

लोखंडी कात्री आणि पत्र्याचा साचा माझ्या वाट्याला आला, कारण काकूला ते जमणार नव्हतं. वीस त्रिकोणांना एकतीस मिनिटं लागली आणि अंगठ्याला फोड आला. आईनं एकेक त्रिकोण मापून नऊ चुकीचे काढले. "नाचता येईना अंगण वाकडं," काकू म्हणाली, कारण मी कात्रीला दोष देत होते. प्लास्टर निघाल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून मी तो अपमान गिळला.

दुसरी होती स्प्रिंगची कात्री. दाबली की बंद होते, सोडली की आपोआप उघडते. अंगठ्यावर भार नाही. काकूनं ती डाव्या हातात धरली आणि हात बिलकुल दुखला नाही. पण पाती बारकी, कापड चावत चावत जायची. कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या.

तिसरं हत्यार मला आवडलं. दांडीला बसवलेलं गोल पातं, चाकासारखं फिरणारं. खाली रबरी चटई, वर जाड पारदर्शक पट्टी. पट्टी दाबून धरायची आणि तिच्या कडेनं चाक फिरवायचं. चार पदर एका दमात कापले जात. अक्षरशः एक घाव दोन तुकडे. वीस त्रिकोण सहा मिनिटांत! पण पट्टी दाबायला काकूचा उजवा हात लागायचा, आणि तो दाबत नव्हता. पट्टी सरकली आणि तीन त्रिकोणांना पोट सुटलं.

चौथं यंत्र घरी नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे शिवणवर्ग चालतो, तिथे ते होतं. एका पाटावर पोलादी धारेचा त्रिकोणी साचा, त्यावर कापड, आणि सगळा पाट दोन रोलरमधून ढकलायचा. दांडा फिरवला की पलीकडून त्रिकोण तयार. वर्गाच्या बाईंनी बुधवारी दुपारी आम्हाला बोलावलं. चार मिनिटांत वीस त्रिकोण, नाण्यासारखे सारखे. आईचे डोळे चमकले. तिनं पट्टी लावून लावून पाहिलं, एकही चूक नाही.

"झालं की मग," ती म्हणाली.

काकूनं पिशवीतून पिवळ्या चौकड्यांचा हाताच्या पंजाएवढा तुकडा काढला. पत्र्याच्या साच्यानं फिरवून फिरवून आखलं तर त्यातून तीन त्रिकोण निघत. यंत्राच्या साच्याला त्रिकोणाभोवती मोकळं कापड लागायचं; त्यावर तो तुकडा कसाही ठेवला तरी एकच निघणार होता. तिनं तुकडा परत पिशवीत टाकला आणि वर्गाच्या बाईंना म्हणाली, "यंत्र फार चांगलं आहे हो. पण त्याला कापडाची दया नाही."

येताना घराच्या फाटकाशी थांबून आई म्हणाली, "ताई, त्रिकोण कापायचेच नाहीत तर? दोन चौकोन समोरासमोर ठेवायचे, कर्णाच्या दोन्ही बाजूंनी शिवायचं आणि मग मधून कापायचं. जोडलेले दोन चौकोन हातात."

"ठाऊक आहे मला. आळशी लोकांची युक्ती आहे ती."

"तुम्ही कधी केलीत?"

काकूनं कधीच केली नव्हती. मशीनवरचं कापड तिनं त्या दिवशी काढलं. निळ्या-पांढऱ्याचे मोठे तुकडे घेतले, मी चौकोन कापून दिले, तिनं शिवले, आईनं चाक फिरवलं. उलगडून इस्त्री केल्यावर चौकोन टेबलावर पाण्यासारखा सपाट बसला. त्रिकोणाची तिरपी कड म्हणजे उरेब. ती हाताळली की ताणली जाते आणि मग शिवण लाटेसारखी येते. इथे ती कड उघडी पडण्याआधीच शिवली गेली होती. काकूनं आईची पट्टी मागून घेतली, चौकोन चारी बाजूंनी मापला आणि म्हणाली, "हं." आईला तेवढं पुरलं. त्या दिवशी ती जिना चढताना गुणगुणत होती.

तर असं ठरलं: मोठ्या तुकड्यांना चौकोनांची युक्ती, आणि बारक्या, जुन्या तुकड्यांना चाकाचं पातं. पट्टी आईनं दोन्ही हातांनी दाबायची, चाक काकूनं डाव्या हातानं फिरवायचं. पहिल्याच दिवशी आईच्या नखाचं टोक उडालं. "बोट आत घे," काकू ओरडली, "गोधडीला शाळेचं कापड पुरे आहे."

तीन आठवडे बरं चाललं. मग तपकिरी कापडाची पाळी आली. काकूला व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं. तिचं काम हलकं करावं म्हणून आईनं मला पट्टी धरायला सांगितली आणि ते उरलेलं सगळं तपकिरी एकटीनं कापून टाकलं. माप सूतभरही चुकलं नव्हतं. पण तिनं कापडाचा उभा धागा पाहिलाच नाही. बारा त्रिकोण असे निघाले की उरेब सरळ बाजूंना आली; हात लावताच कडा सैल पडायच्या.

काकू परत आली. तिनं एक त्रिकोण उचलला, दोन बोटांत हलकेच ओढला. तो वाढला.

"हे पहिल्या वर्षाचं होतं," ती म्हणाली. "आता याचा तुकडाही उरला नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आईनं पेन्सिल कागदावर ठेवली आणि वर निघून गेली. संध्याकाळी ती जेवताना बाबांना म्हणाली, "मला मोजता येतं. शिवण्यातलं मला कळत नाही, हे मी आधी कबूल करायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. पडल्यापासून काकू जिना टाळायची. हत्यारं मांडली त्या रविवारीसुद्धा काकांनी तिला हात धरून आणलं होतं. आता ती एकटी, कठड्याला डावा हात लावत वर आली. उजव्या काखेत एक भांडं होतं, भांड्यात पातळ खळ.

"चहा टाक," ती आईला म्हणाली. "आणि ते बारा त्रिकोण आण."

तिनं त्रिकोण खळीत बुडवले, टॉवेलवर पसरले, आणि कडा न ओढता वरून फक्त इस्त्री टेकवत गेली. "उरेब कडेला हात कसा लावायचा? झोपलेल्या बाळाला लावतो तसा. बघ." सुकल्यावर त्रिकोण कागदासारखे कडक झाले. शिवताना सुतासारखे सरळ गेले, नाही म्हणायला दोन-तीन जरा लहरले.

"माझीही चूक झाली," काकू चहा ढवळत म्हणाली. "तेहतीस वर्षांत धागा बघायला कुणाला शिकवलं नाही. हाताला कळतंय ना, मग सांगायचं कशाला, असं वाटायचं."

"मग आता शिकवा," आई म्हणाली.

त्या आठवड्यापासून खालच्या खोलीत वेगळेच आवाज येऊ लागले. "उभा कुठला?" "हा." "नाही." "मग हा." "आता कसं!" काका खिडकीशी पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे.

गोधडी दोन आठवडे आधी पुरी झाली. शाळेनं ती काचेच्या चौकटीत लावायचं ठरवलं होतं. काकूनं मुख्याध्यापिकांना सरळ सांगितलं, "काचेत ठेवून ऊब कुणाला मिळणार? मुलांना बरं नसलं की ज्या पलंगावर निजवता त्यावर घाला. मळली की धुवा."

शाळेच्या पन्नाशीच्या दिवशी सभागृहात गोधडी टेबलावर पसरली होती. लोक वाकून आपापल्या वर्षाचं कापड शोधत होते. शाळेसमोरच्या पावाच्या भट्टीचा मालक, डोकं पांढरं झालेला माणूस, तपकिरी त्रिकोणावर बोट ठेवून बराच वेळ उभा होता. "याची बाही फाडली म्हणून मी मार खाल्ला होता," तो म्हणाला. काकूनं त्याला विचारलं, कुठली बाही, डावी की उजवी. पाठमोरी आई त्या दोन-तीन लहरलेल्या त्रिकोणांवर हातरुमाल ठेवायच्या बेतात होती. काकूनं तिचा हात धरून बाजूला केला.

काकूच्या अंगठ्यात आता बटण लावण्याइतकी ताकद आली आहे. लोखंडी कात्री तिनं आपण होऊन शिवणवर्गाच्या बाईंना देऊन टाकली. डावा हात चाक छान फिरवतो. शाळेत पलंग दोन आहेत, म्हणून दुसरी गोधडी सुरू झाली आहे, आणि या खेपेला काही त्रिकोण आई एकटी कापते, काकू फक्त बघते. काल मी कामावरून आले तेव्हा दोघी टेबलावर ओणव्या होत्या. आईनं तुकडा उजेडात धरून धागा पाहिला, पट्टी लावली, चाक फिरवलं.

काकूनं त्रिकोण उचलून ओढून पाहिला. वाढला नाही.

"बरा आहे," ती म्हणाली, आणि पुढचा तुकडा आईकडे सरकवला.