दाराजवळची पिशवी

फोन आला तेव्हा पद्माची पिशवी माझ्या मांडीवर उघडी होती. दवाखान्यात तिचं आधार कार्ड मागितलं होतं, ते न्यायला मी घरी आलो होतो आणि दाराजवळच्या खुंटीवरून पिशवी काढून पलंगावर बसलो होतो. आमची लेक सुनीता अकलूजहून आली होती, ती आईजवळ थांबली होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, आता कार्डाची घाई करू नका..." तरी मी कार्ड शोधून खिशात घातलं, पिशवीची नाडी बांधली, ती पुन्हा खुंटीला अडकवली आणि मगच निघालो. माझी बायको गेली होती आणि मी तिच्या पिशवीची नाडी नीट बसली का ते पाहत होतो. याला आता दोनेक महिने होत आले.

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी त्या पिशवीवर जायची. जुन्या सोलापुरी चादरीची शिवलेली, निळी-तांबडी आणि चांगली जड. पाहुणे विचारायचे, "गावाला निघालात का?" पद्मा शांतपणे सांगायची, "न्हाय, घराला आग लागली तर हाताशी असावी म्हणून." मग पाहुण्यांचा चहा लवकर संपायचा. आत घराचे कागद, आमची कार्डं, सुनीताचं बाळपणीचं झबलं, लग्नातला एक फोटो आणि तळाशी लोखंडी बत्ता. मी चिडवायचो, "अगं, बत्ता कधी जळतो का? तो कशाला वाचवायचा?" ती म्हणायची, "जळत न्हाय म्हणून तर तेवढाच राहिला की."

तिचं माहेर शहरातल्या विणकरांच्या वस्तीतलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. पुढच्या खोलीत मालकाचे यंत्रमाग, मागच्या खोलीत यांचा संसार. मागाखाली सुताचा भुसा साचतो, तो कापसासारखाच पेट घेतो. पद्मा शाळेत असताना एका दुपारी वायरीची ठिणगी त्यात पडली. तिचे वडील धावले ते मालकाच्या टॉवेलांचे गठ्ठे बाहेर काढायला. माल दुसऱ्याचा, तो आधी वाचला पाहिजे, एवढंच त्या माणसाला सुचलं. गठ्ठे सगळे रस्त्यावर आले, माणसंही वाचली, पण तोवर मागची खोली पेटली होती. पद्माची आई आधीच्या वर्षी वारली होती. तिचा एकुलता एक फोटो भिंतीवरच राहिला, आणि राखेत सापडला तो तिच्या रोजच्या वापरातला बत्ता. वडिलांवर पद्मानं कधी राग धरला नाही. फक्त कधीतरी कणीक मळता मळता थांबायची आणि म्हणायची, "आईचं नाक आठवतं, कपाळ आठवतं... सगळं मिळून आठवत न्हाय."

म्हणून आमच्याकडे दर अमावास्येला घर झाडून झालं की आगीची तालीम व्हायची. मी कुर्डुवाडीला रेल्वेत होतो तेव्हापासूनची ही रीत, पुढं निवृत्त होऊन इथं आलो तरी चुकली नाही. ती पलंगावर बसायची आणि भाजी निवडल्याच्या सुरात म्हणायची, "लागली आग." मी गॅस बंद करायचा, मेन स्विच पाडायचा आणि तिच्याकडे जाऊन हात पुढं करायचा, कारण तिचे गुडघे गेलेले. "पिशवी मी घेणार," ती बजावायची, "तुमी मला घ्यायचं. दुसऱ्या कुणाचं काय मधी आणायचं न्हाय." मग हातात हात घालून आम्ही जिना उतरून फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. लोक हसायचे. मी बगलेत पेपर धरून फिरायला निघाल्याचं सोंग करायचो.

मागच्या आठवड्यात खरीच वेळ आली. तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीतून धूर निघाला आणि जिन्यात आरडाओरडा झाला. मी गॅस बंद केला, स्विच पाडला, आतल्या खोलीत गेलो आणि पलंगापुढं उभा राहून हात पुढं केला. तसाच उभा राहिलो... हात कुणी धरला नाही. मग दाराशी शेजारणीचं पार्सल दिसलं. ती दिवसभर कामावर, म्हणून तिची पार्सलं माझ्याकडे येतात. ते उचललं आणि खाली आलो. खुंटीवरच्या पिशवीजवळूनच गेलो. ती घेणं माझं काम कधी नव्हतंच.

खाली जो तो आपापली माणसं मोजत होता. सासूबाई उतरल्या का, धाकटी कुठाय. माझ्यापाशी मोजायला कुणी नव्हतं आणि मला मोजणारंही कुणी नव्हतं. बादलीभर वाळूनं आग विझली. तेवढ्यात शेजारीण कामावरून धावत आली, माझ्या हातातलं खोकं पाहून म्हणाली, "अवो काका, ह्यात माझ्या चपला हायत. तुमी तुमचं काय आणलं?" सगळे हसले, मीही हसलो. जन्मभर सासऱ्यांचा किस्सा ऐकून अखेर मी तेच केलं होतं, आणि मला रागावायला पद्मा नव्हती. त्या दिवशी तिची जितकी आठवण आली तितकी दहाव्यालाही आली नव्हती.

सुनीता म्हणते, अकलूजला येऊन राहा. बघू, म्हणतो. परवा अमावास्या होती. घर झाडलं, पलंगावर बसलो आणि मोठ्यानं म्हटलं, "लागली आग." गॅस, स्विच. मग पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. तिला अजून त्या दिवसाच्या धुराचा वास आहे. ती इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. तसल्या गुडघ्यांनी पद्मा हे ओझं दर महिन्याला खाली न्यायची आणि पुन्हा वर आणायची. फाटकापर्यंत जाऊन आलो. जिना उतरताना कठडा धरावा असं माझं वय आहे. पण उजवा हात तिचा होता, तो मी मोकळाच ठेवला.