माशीच्या पंखातलं कुंकू

बहात्तरच्या दिवाळीनंतर नगरला माळीवाड्यामागच्या एका बोळात नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, पण एक बातमी मात्र रोज यायची. खिस्तीबाईंनी नवऱ्यावर करणी केली!

बातमी ऐकीव नव्हती. शेजारच्या गोजरबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दमयंती खिस्ती भरदिवसा खिडकीशी पाटावर बसलेली, पुढ्यात कुंकू माखलेला राखी रंगाचा दगड, हातात ही एवढी सुई, ओठ हलतायत आणि सुई दगडात टोचणं चाललंय. त्यानंतर खिस्ती सरांची वाचा गेली. 'त्यानंतर' म्हणजे किती दिवसांनी, ते गोजरबाई सांगत नसत.

"लिंबू न्हाई, बाव्हली न्हाई, थेट दगूड!" गोजरबाई हंडा खाली ठेवून सांगत. "दगडावरची करणी लई वाईट. उतरतच न्हाई, बया."

वाचा गेली हे मात्र खरं होतं, आणि त्याचं दुःख बोळात कुणालाच झालं नव्हतं. यज्ञेश्वर खिस्ती नगरच्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. कॉलेजचं नाव कशाला घ्यायचं? शिकवणं कॉलेजापुरतं ठेवलं असतं तर कुणाची हरकत नव्हती, पण त्यांनी सगळं नगर वर्गात बसवलं होतं. पिठाच्या गिरणीच्या पाटीवरचं शुद्धलेखन त्यांनी खडूनं दुरुस्त केलं होतं. छगन दूधवाल्याला म्हशीच्या पोटात किती कप्पे असतात ते विचारून, उत्तर आलं नाही म्हणून दूध परत पाठवलं होतं. एका मयताच्या घरी तर तिरडीच्या गाठी चुकीच्या बांधल्यात असं मोठ्यानं सांगून आले होते. घरी दमयंतीच्या आमटीला रोज मार्क मिळायचे, आणि बावीस वर्षांत आमटी एकदाही पास झाली नव्हती.

दमयंतीही ऐकून घेणारी नव्हती. नेवाशाची मुलगी, तोंडाला धार माहेराहूनच घेऊन आली होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भांडण मध्येच थांबवायलाही घरात कुणी नव्हतं.

या घरात तो दगड आला दमयंतीच्या भावाकडून. नारायण तिकडे लांब सिरोंच्याला जंगलखात्यात होता. मेहुण्यांचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं. दमयंतीच्या लग्नाच्या पंगतीतच सरांनी "हा मॅट्रिकला दोनदा बसला" असं जाहीर केलं होतं, आणि ते नारायण विसरला नव्हता. तरी बहिणीच्या सुखासाठी त्यानं एकदा पड खाल्ली. गोदावरीकाठच्या चुनखडकात मजुरांना मासा उमटलेली एक चीप सापडली, ती तो पोत्यात गुंडाळून घेऊन आला.

"जाड होती म्हणून आडवी फोडली," तो म्हणाला. "मासा आहे ती फाक तुम्हाला आणली. दुसरी घरी आहे, तिच्यावर काही नाही."

सरांनी मासा पाहिला आणि म्हणाले, "शेपूट तुटकं आहे."

नारायण चहा न घेता उठला.

तो गेल्यावर सरांनी भिंग घेऊन चीप उलटी केली आणि बसले ते बसलेच. मागच्या, फोडलेल्या बाजूला तांदळाच्या कणीएवढी एक माशी होती. दोन पंख, आणि मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गाठी. म्हणजे शंकाच नाही, माशीच. सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वीची, ज्युरासिक काळातली. मासे पुष्कळांनी पाहिले होते. अशी माशी पाहणारा निदान नगर जिल्ह्यात तरी दुसरा नव्हता.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. कारण जोर्वेकर. जोर्वेकर विभागप्रमुख, वयानं लहान, संस्थेच्या चेअरमनच्या गावचे. कॉलेजातला चांगला सूक्ष्मदर्शक त्यांच्या कुलपात असायचा, आणि खिस्तींनी मागितला की किल्ली हरवायची. माशीची कुणकुण लागली तर हा माणूस पेपरावर आपलं नाव आधी घालील, अशी खिस्तींची खात्री होती. म्हणून विचारील त्याला ते सांगत, "माशावर काम करतोय." बायकोलाही तेच सांगितलं, वर ताकीद दिली, "त्या दगडाला हात लावलास तर याद राख."

त्या साली पाऊस नव्हता. गोजरबाईंचा बन्सी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. खिस्ती सर खिडकीत दगडावर ओणवे झालेले दिसले की गोजरबाई ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या, "आमचा बन्सी दगूड फोडून भाकर खातो, अन् ह्ये दगडाकडं नुस्तं बघून पगार घेत्यात. व्हय, शिकल्याली मानसं!"

खंडेनवमी आली. बोळात ज्याचं जे हत्यार त्याची पूजा झाली. कुणाचा तराजू, कुणाचं शिलाई मशीन, बन्सीची हातोडी. सर सकाळीच कॉलेजात भांडायला गेले होते. दमयंतीनं त्यांचे चिमटे, फूटपट्टी, पेनं पाटावर मांडली. मग तिला वाटलं, या माणसाचं खरं हत्यार तर हा दगड. वर्षभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्यालाच आता कुंकू लावायचं, असं पुटपुटत तिनं दगड उचलला. माशाला धक्का नको म्हणून शहाणपणानं पालथा ठेवला, आणि मोकळ्या दिसणाऱ्या बाजूवर तेलात कालवलेलं कुंकू अनामिकेनं मधोमध टेकवलं.

मग तिला ताकीद आठवली. पुसलं तर तेल पसरलं. धुवायला घरात पाणी होतं कुठं? बरंच पुसून निघालं, पण मधल्या काही बारीक रेघांत लाल तसंच राहिलं. तिनं गोधडीची सुई आणली आणि खिडकीतल्या उजेडात रेघ न् रेघ कोरून काढली. सुई एकदा घसरली. दगडावर घसरली, एवढंच तिला वाटलं. माशी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत जोर्वेकर गावी गेले. प्रयोगशाळेतल्या शिपायाला चकल्या देऊन सरांनी किल्ली मिळवली आणि सूक्ष्मदर्शक घरी आणला. डोकं, पाय, पोट यांची चित्रं भिंगावर आधीच झाली होती. पंख या यंत्रासाठी राखून ठेवले होते. पाडव्याच्या दुपारी ते एकदम ओरडले. या घराण्यातल्या माश्यांच्या पंखातली एक शीर अर्ध्यावर संपते. ही माशी वेगळी. हिची शीर थेट पंखाच्या काठापर्यंत! म्हणजे नवी जात.

"दमयंती!" सर म्हणाले. बावीस वर्षांत ते 'अगं' आणि 'ऐकू येत नाही का' याच नावांनी हाक मारत आले होते. "इकडे ये. बघ. नवी जात आहे ही, आणि हिला मी तुझं नाव देणार."

"माशीला?" दमयंती म्हणाली. "माझं? शेणावर बसते ती?"

"शेणावर नाही बसत ही! तेव्हा शेण—" सर थांबले आणि हसले. त्या दिवशी आमटीला मार्क दिले नाहीत, दुसऱ्यांदा मागून घेतली.

दमयंतीनं यंत्राला डोळा लावला. तिला पंख दिसला, शिरा दिसल्या, आणि काठापर्यंत गेलेली ती रेघही दिसली. ती जागा तिनं ओळखली. ती चुलीकडे वळली. आमटी दोनदा वाढून घेणारा नवरा तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

इथंच गप्प बसले असते तर ते खिस्ती सर कसले? सुटी संपली आणि त्यांनी होऊन जोर्वेकरांना घरी चहाला बोलावलं; दुसऱ्याच्या तोंडावर विजय सांगितल्याशिवाय तो त्यांना पचत नसे. जोर्वेकर आले. सरांनी पंखाचं चित्र दाखवलं, पेपरचं हस्तलिखित दाखवलं, वर म्हणाले, "विभागप्रमुखांना समजेल अशा भाषेत लिहिलंय."

जोर्वेकरांनी दगड आपल्याच कुलपातून आलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"खिस्ती," ते शेवटी म्हणाले, "ज्युरासिक काळात हळदीकुंकू होत होतं काय हो?"

"काय बरळताय?"

"बरळत नाही, बघतोय. बाकीच्या शिरा तपकिरी. हिचा शेवटचा तुकडा पांढरा, ताजा, आणि आत लाल कण. देवानं शीर अर्धी दिली, उरलेली तुम्ही टोकदार काहीतरी घेऊन पुरी केलीत." ते मान वर करून गोड हसले. "वीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढल्यात. आता तुमची मी प्राचार्यांपुढं काढतो. खोटी माशी केली म्हणून नोकरी गेलेला नगरातला पहिला माणूस तुम्ही."

सर खुर्चीवर बसले. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या दमयंतीनं ते तोंड पाहिलं. ते कुणीतरी बंद करावं म्हणून तिनं आयुष्यभर देवाला विनवलं होतं. आता झालं तर तिला जोर्वेकरांच्या अंगावर चहा ओतावासा वाटला. गप्प राहावं तर नवरा लबाड ठरतो, बोलावं तर त्याची नवी जात जाते आणि पाडव्याचा नवराही.

"ती रेघ माझी," ती म्हणाली.

"काय म्हणालात, वहिनी?"

"गोधडीच्या सुईची. खंडेनवमीला कुंकू लावलं, ते निघेना म्हणून कोरलं. यांना ठाऊक नाही. हातच लावू नको म्हणाले होते, म्हणून सांगितलं नाही. प्राचार्यांना जे सांगाल त्यात हेही सांगा."

जोर्वेकरांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "म्हणजे लबाडी नाही. नवी जातही नाही." असं म्हणून त्यांनी स्वतःचा चहा घेतला, सरांनी न उचललेला कपही घेतला, आणि गेले.

त्या दिवसापासून सर बोलेनासे झाले. दमयंतीशी नाही, छगनशी नाही, वर्गातही फळ्यावर लिहून शिकवायचे. गोजरबाईंना खंडेनवमीचा दगड आठवला आणि बातमी सुरू झाली. छगन दुधाचं माप लांबूनच ओतायला लागला. मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला दमयंतीला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. कुंकवाचा करंडा तिच्या हाती द्यायला बायका भीत होत्या. ती उंबऱ्यात उभी राहून ओरडली, "करणी येत असती तर गोजरबाई, पहिली तुमच्यावर केली असती!" त्यानं फारसा फरक पडला नाही.

सरांच्या तोंडून पुढं पहिलं वाक्य निघालं ते असं: "नारायणाला लिही. दुसरी फाक पाठव म्हणावं."

दमयंती बघतच राहिली. दगड फुटतो तेव्हा माशीचा ठसा दोन्ही फाकांवर उमटतो, हे सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मागायला मेहुणा आडवा येत होता.

नारायणाचं उत्तर एका ओळीचं: यज्ञेश्वररावांनी स्वतः यावं. गेले. यष्ट्या बदलत, धुळीनं माखून सिरोंच्याला पोचले. फाक नारायणाच्या घरी पिठाच्या डब्यावर उंदीर शिरू नये म्हणून ठेवलेली होती. डब्यावर हात ठेवून नारायण म्हणाला, "आधी पंगतीतलं बोला." मुद्दाम बोलावून आणलेल्या जंगलखात्यातल्या चार कारकुनांसमोर सर "चुकलं" म्हणाले, असं नारायण सांगतो. सर त्या प्रवासाबद्दल काहीच सांगत नाहीत.

दुसऱ्या फाकेवर कुंकू नव्हतं, सुई नव्हती. शीर तिथं काठापर्यंत जात नव्हती, पण अर्ध्यावरही थांबत नव्हती. अर्ध्याहून बरीच पुढं जाऊन संपत होती. सरांनी चित्रं पाठवली त्या कलकत्त्याच्या जाणकारानं तेवढं नव्या जातीला पुरेसं मानलं. चौऱ्याहत्तर साली वर्णन छापून आलं. एका फाकेवरच्या शिरेचं टोक सुईचा ओरखडा आहे असं सरांनी त्यात स्वच्छ लिहिलं. सुई कुणाची ते लिहिलं नाही. नाव सिरोंच्यावरून दिलं, आणि आपलं नाव टळलं म्हणून दमयंतीनं साखर वाटली. गोजरबाईंनी ती घेतली, पण खाल्ली नाही. जोर्वेकर निवृत्त होईपर्यंत त्या जातीला 'खिस्तींची शिवलेली माशी' म्हणत राहिले.

करणी झाली नव्हती. खंडेनवमीचं कुंकू दमयंतीबाईंनी गोधडीच्या सुईनं काढलं, सुई घसरली, आणि माशीच्या पंखातली एक शीर लांबली. ओठ हलत होते ते नवऱ्याला शिव्या देत होते. सर गप्प झाले ते लाजेनं, कारण तो ओरखडा जोर्वेकरांना दिसला होता आणि सरांना स्वतःला दिसला नव्हता.