रिपोर्टमध्ये मी टाकलेलं नाव

"ताई, कामाच्या टायमाला रमी?" चिकलठाण्यातल्या त्या खोक्यांच्या कारखान्याचे मालक माझा रिपोर्ट सुनीताताईंसमोर नाचवत होते. अख्खं ऑफिस बघत होतं. ताई तिथं बारा वर्षं बिलं करत होत्या.

"साहेब, मला पत्ते पिसता बी येत नाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "भाऊ, एकदा माझं मशीन तरी उघडून बघा."

मी बघितलं नाही. रिपोर्ट मी काढलेला, तो चुकेल कसा, ही माझी घमेंड.

तिथलं इंटरनेट सांभाळायचं माझं काम किरकोळ होतं. सहा कॉम्प्युटर, एक स्वस्तातला राउटर. नको त्या वेबसाइट ब्लॉक करायच्या आणि तरीही तिकडं कोण जायला बघतं ते महिन्यानं सांगायचं. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर देतो. रिपोर्टमध्ये तो नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. कुठला नंबर कुणाचा, हे मी पहिल्या दिवशी वहीत उतरवून घेतलं होतं. त्यावरूनच नावं टाकली.

ताई त्याच दुपारी डबा उचलून घरी गेल्या. मालकांनी त्यांना परत बोलावलं नाही.

पुढच्या महिन्यात रिपोर्ट काढला. पुन्हा रमी, पुन्हा ताईंचा नंबर. त्यांचं मशीन तर वायरी काढून कपाटावर ठेवलेलं! लाइट जाऊन आली की असा राउटर नंबर नव्यानं वाटून टाकू शकतो. म्हणून ते नंबर आधी राउटरमध्ये पक्के करायचे असतात. पाच मिनिटांचं काम, मी कंटाळा केला होता. ताईंचा नंबर केव्हाच माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचवाल्याच्या मशीनकडं गेला होता.

मालकांना सांगितलं. "डिस्पॅचवाल्याला समज देतो," ते म्हणाले. "पण ताईंच्या जागी माणूस ठरवला ना आता, सोमवारपासून येतोय. जाऊ द्या."

ताईंना फोन करून माफी मागितली.

"मालकाला सांगितलं का?"

"सांगितलं."

"आन् बाकीच्यांला? समद्यांच्या पुढं बोलले व्हते ते."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जाऊन सगळ्यांना माझी चूक सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, ब्लॉक केलेला क्रिकेटचा स्कोअर तेवढा चालू होईल का? मला स्वतःचीच लाज वाटली.

आता मी रिपोर्टमध्ये फक्त नंबर देतो. नाव हवं असेल, तर आधी त्या मशीनसमोर जाऊन बसतो.