तेल वाढवणारी गाडी

आमची गाडी टर्बोची आहे, हे बिदरच्या नौबादमध्ये कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकतो. इंजिन छोटं, पेट्रोलचं, पण हवा दाबून घेतं आणि मोठ्या इंजिनासारखं पळतं. पळवतो मी किती? घरापासून कोळारच्या गोदामापर्यंत. इंजिन तापायच्या आत गोदामाचं फाटक येतं. बायको लांब हुलसूरच्या शाळेत शिकवते आणि रोज बसनं जाते. तिनं लायसन काढल्यापासून किल्लीवर तिचा डोळा होता. मी म्हणायचो, "टर्बो नाजूक असतंय. तुला न्हाई झेपायचं."

एका सकाळी तेल मापायची दांडी ओढून बघितली, तर तेल खुणेच्या वर. गाड्या तेल खातात हे ऐकून होतो. आमची तर तेल तयार करायला लागली होती! कौतुकानं दांडी घेऊन शेजारच्या अप्पांकडं गेलो. ते विभूती लावून ओट्यावर बसले होते. दांडी निरखून म्हणाले, "गाभण हाय का रे गाडी?"

मग मी दांडीचा वास घेतला. पेट्रोल! फोनवर शोधलं तेव्हा उलगडा झाला. गार इंजिनात न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेनं खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. असल्या टर्बो इंजिनात हे जास्त होतं. म्हणजे तेल वाढत नव्हतं, पातळ होत होतं.

पातळ होतंय तर जाड घालावं, इतकं सरळ डोकं माझं. आमच्या शेतकरी घरांत तेलाचा डबा एकच असतो. ट्रॅक्टरला तेच, पाण्याच्या इंजिनाला तेच, कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीलाही तेच. मी गाडीतलं तेल काढून त्या डब्यातलं ओतलं.

"अवो, गाडीच्या पुस्तकात पातळ तेल लिहिलंय," बायको म्हणाली. "तुम्ही ट्रॅक्टरचं कामून ओतायलाव?"

"पुस्तक लिहिणाऱ्यानं बिदरचा उन्हाळा बघितलाय का?"

उन्हाळ्याचं राहू द्या, सकाळच्या गारव्यातच इंजिन झोपमोड झाल्यासारखं गुरगुरायला लागलं. दांडीवरचं तेल पुन्हा हळूहळू वर. जाड तेल पेट्रोलची वाट अडवत नव्हतं. फक्त चिमटीत धरून बघितल्यावर ते पातळ झालंय हे उशिरा कळत होतं. आणि इतकं जाड तेल सकाळी टर्बोपर्यंत वेळेवर पोचतं की नाही, ही नवीन काळजी. गुपचूप पुस्तकातलं तेल आणून भरलं. गुपचूप म्हणजे बायको दारात उभी राहून बघत असताना.

त्या तेलातही पेट्रोल उतरतच राहिलं. पण आता मला चैन पडेना. तेल चांगलं तापलं की त्यातलं बरंचसं पेट्रोल उडून जातं, असं वाचलं होतं. खरंच जात असेल का? बघायला लांब रस्ता पाहिजे. लांब रस्ता आमच्या घरात एकीकडंच होता.

"प्रयोगापुरती," म्हणत मी बायकोला किल्ली दिली आणि स्कूटरवर कोळारला गेलो.

आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनात दांडी घालून बघितली. तेल उतरत उतरत खुणेवर आलं आणि तिथंच थांबलं. वास घेतला, पेट्रोलचा मागमूस नाही. मला पटेना. पुढचा आठवडा गाडी मी नेली. तेल वर! तिला दिली, खाली. विज्ञानानं इतका सरळ कौल द्यायची काही गरज नव्हती.

"काय म्हणायलीय दांडी?" तिनं पर्स खांद्याला अडकवत विचारलं.

"बरी हाय."

"मग मी निघू?" किल्ली तिच्या हातात होतीच.

गाडी वळणापलीकडं गेली. मी स्कूटरला किक मारत होतो, तर ओट्यावरून अप्पा ओरडले, "काय रे, बाळंतपणाला हुलसूरला धाडलीस व्हय?"

"व्हय अप्पा," मी म्हणालो, "आता तिकडंच राहायलीय."